पैसे कशाचे देता?



मी फौजी माणूस. बत्तीस वर्षं सैन्यात काढली, निवृत्तीनंतर सात वर्षं एका खासगी कारखान्यात प्रशासन आणि सुरक्षा पाहिली. अर्थशास्त्र मी बी.ए.ला होतं तेवढंच शिकलो. तरीही आज तुमच्यासमोर पैशाबद्दलच बोलणार आहे. पैसे कसे कमवावेत किंवा कुठे गुंतवावेत याबद्दल नाही, त्यासाठी या मालिकेत माझ्यापेक्षा जाणकार वक्ते आहेत. मी बोलणार आहे ते पैसे देण्याबद्दल. आपण कुणाला तरी पैसे देतो तेव्हा तो माणूस पुढे कसा वागतो, एवढाच माझा विषय.

इंग्रजीत 'कॉम्पेन्सेशन' असा एकच शब्द आहे. कंपनी पगार देते तेही कॉम्पेन्सेशन आणि बिबट्याने शेळी मारली म्हणून सरकार पैसे देतं तेही कॉम्पेन्सेशन. आपल्या मराठीत मात्र वेगवेगळे शब्द आहेत. पगार, मजुरी, मेहनताना, भत्ता, मोबदला, भरपाई, बक्षिसी. आपल्या पूर्वजांनी हे शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. मजुरी कामाची असते, भत्ता परिस्थितीचा, भरपाई नुकसानीची, आणि बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीची. अडचण अशी की धोरण आखताना आपण हा फरक विसरतो. एका गोष्टीचे पैसे देतो आणि दुसऱ्याच गोष्टीची अपेक्षा करत बसतो. लोक मात्र आपलं भाषण ऐकत नाहीत. पैसे कशाचे मिळतात ते बघतात आणि त्याप्रमाणे वागतात. त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

सुरुवात फौजेपासून करतो, कारण ते मला माहीत आहे.

सियाचीनवर तैनात असलेल्या जवानाला आणि जेसीओला महिन्याला ३०,००० रुपये भत्ता ठरला, अधिकाऱ्याला ४२,५००. हे दर सातव्या वेतन आयोगानंतरचे, २०१७ सालचे. हे पैसे कशाचे आहेत? थंडीचे, विरळ हवेचे, घरापासून लांब राहण्याचे. पोस्टवर राहण्याचे. किती गोळ्या झाडल्या, शत्रूचे किती सैनिक टिपले, याचा दर फौजेत नसतो. कुणाला वाटेल, का नसावा? कंपनीत सेल्समनला कमिशन मिळतं, तसं जवानाला का नको?

कारण एका गस्तीत दहा जण असतात. पुढचा बर्फ तपासतो, मागचा दोर धरतो, एक जण रेडिओवर असतो, एक जण खाली चूल पेटती ठेवतो. कुणामुळे काय साधलं हे वेगळं काढता येत नाही. आणि सगळ्यांत चांगली गस्त ती, जिच्यात काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीचा दर कसा लावणार? म्हणून फौज माणसाला ठरलेला पगार देते, परिस्थितीचा भत्ता देते, आणि बाकीचं शिस्तीवर, पलटणीच्या नावावर आणि शेजारच्या माणसाच्या नजरेवर सोडते.

जिथे आकड्याला किंमत दिली गेली तिथे काय झालं हेही सैनिकी इतिहासात लिहिलेलं आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने यशाचं माप म्हणून मृत शत्रूंची मोजणी धरली. बढत्या आणि शाबासकी त्या आकड्याला चिकटल्या. आकडे फुगत गेले, मेलेला प्रत्येक गावकरी शत्रू ठरू लागला, आणि युद्ध मात्र हातातून निसटलं. त्याच देशात, फ्रेंचांच्या राजवटीत, १९०२ साली हनोई शहरात उंदीर मारण्याची मोहीम निघाली होती. उंदराची शेपटी आणून द्या आणि पैसे घ्या. थोड्याच दिवसांत शहरात शेपटी तुटलेले जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याची पिल्लं होतील आणि आणखी शेपट्या मिळतील. काहींनी तर उंदीर पाळायलाच सुरुवात केली. सरकारला उंदीर कमी व्हायला हवे होते, पैसे ते शेपट्यांचे देत होतं.

आता कारखान्याकडे, ऑफिसकडे येऊ.

कामाप्रमाणे दाम हे तत्त्व वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत सेफलाइट नावाची गाडीच्या काचा बसवणारी कंपनी आहे. १९९० च्या दशकात तिने तासावर पगार देणं थांबवून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. एडवर्ड लेझियर या अर्थतज्ज्ञाने त्याचा अभ्यास केला. दर माणशी काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातली निम्मी वाढ जुनेच कामगार जास्त काम करू लागले म्हणून होती. बाकीची मुख्यतः अशी, की वेगाने काम करणारी माणसं कंपनीत येऊ लागली आणि टिकू लागली. हे तिथे का जमलं? एक, काच मोजता येते. दोन, कुठली काच कुणी बसवली याची नोंद होती. तीन, काच नीट बसली नाही तर ती ज्याची त्याने स्वतःच्या वेळेत पुन्हा बसवून द्यायची होती. म्हणजे दर फक्त काचेचा नव्हता, नीट बसलेल्या काचेचा होता.

ही तिसरी अट काढून टाकली की काय होतं ते वेल्स फार्गो या मोठ्या बँकेत दिसलं. एकेका ग्राहकाच्या गळ्यात जास्तीत जास्त खाती आणि कार्डं मारण्याची उद्दिष्टं कर्मचाऱ्यांना दिली होती. बोनस त्यावर आणि नोकरीही त्यावर. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी काढून टाकल्याचं बाहेर आलं. विचार करा, एका बँकेत पाच हजार चोर एकदम कसे जमा होतील? ती साधी नोकरदार माणसं होती, घराचा हप्ता भरणारी. उद्दिष्ट तसं होतं.

माझा स्वतःचा अनुभव छोटा आहे, पण मला तो फार शिकवून गेला. मी जिथे काम केलं तो कारखाना गुजरातेत होता. नाव सांगत नाही, कारण ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. मी रुजू झालो तेव्हा गेटवर मोठा फलक होता : 'अपघाताविना इतके दिवस'. शंभर दिवस झाले की त्या विभागातल्या प्रत्येकाला भेटवस्तू, वर्ष पूर्ण झालं की रोख रक्कम. हेतू उत्तम होता. आकडा तीनशेच्या पुढे गेला होता आणि सगळे खूश होते.

एक दिवस प्रेसवरचा एक कामगार मला भेटला. खानदेशातला, सुरतेकडे येऊन स्थिरावलेला. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मी विचारलं, "दादा, हाताला काय झालं?" म्हणाला, "काही नाही साहेब, घरी दारात बोट सापडलं." चार दिवसांनी बोट काळं पडलं आणि शेवटी पेरापासून काढावं लागलं. मग खरं कळलं. बोट प्रेसमध्ये सापडलं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर फलकावरचा आकडा पुन्हा शून्य झाला असता आणि विभागातल्या चाळीस घरांचे पैसे गेले असते. त्याला कुणी धमकावलं नव्हतं. त्याला चाळीस जणांची लाज वाटली होती.

तो कारखाना अपघात न होण्याचे पैसे देत आहे असं समजत होता. प्रत्यक्षात तो अपघात न सांगण्याचे पैसे देत होता. आम्ही फलक उतरवला. जे अपघात थोडक्यात टळले, म्हणजे हातोडा वरून पडला पण डोक्यात बसला नाही, पाय घसरला पण सावरला, असे प्रसंग लिहून देणाऱ्याला महिन्याला बक्षीस ठेवलं. पहिल्या महिन्यात चारच कागद आले. सही करायला लोक घाबरत होते. तिसऱ्या महिन्यात पेटी भरून वाहू लागली. त्यातूनच कळलं की त्या प्रेसचं संरक्षक जाळं काम पटापट व्हावं म्हणून कित्येक महिन्यांपासून काढून ठेवलेलं होतं.

पगाराचं आणखी एक काम असतं, ते आपण विसरतो. पगार ठरवतो की कोण टिकणार. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, आधीच्या दराच्या जवळजवळ दुप्पट. त्याआधीच्या वर्षी त्याच्या कारखान्यातली गळती ३७० टक्के होती. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ३७० माणसं घ्यावी लागत. घोषणेच्या वर्षी ती ५४ टक्क्यांवर आली. शिकलेला माणूस टिकला, गैरहजेरी घटली, काम सुधारलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण जंगलात आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

जून २०२५ मध्ये कर्नाटकातल्या मलेमहादेश्वर डोंगरात, हुग्यम भागात, एक वाघीण आणि तिची चार पिल्लं मेलेली सापडली. बातमी तुम्ही वाचली असेल. वाघिणीने एक गाय मारली होती. त्या गायीच्या मांसात कुणीतरी विष घातलं. वाघीण पिल्लांना घेऊन शिकारीवर परत आली आणि पाचही जीव गेले. काही जणांना अटक झाली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या जंगलात गस्त घालणाऱ्या कंत्राटी वनरक्षकांना आणि मदतनिसांना मार्चपासून पगार मिळाला नव्हता. निधी सुटलेला होता, तो खालपर्यंत पोचला नव्हता. घटनेच्या काही दिवस आधीच त्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं होतं.

आता हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. एका बाजूला गाय गेलेला माणूस. सरकारची भरपाई योजना आहे, पण तिच्यापर्यंत जाण्यापेक्षा विषाची पुडी त्याला जवळची वाटली. दुसऱ्या बाजूला तीन महिने बिनपगारी जंगलात हिंडणारा रक्षक. गुन्हा गुन्हाच आहे, त्याला शिक्षा झाली पाहिजे. पण भरपाई आणि पगार, कॉम्पेन्सेशनचे दोन्ही अर्थ, एकाच जंगलात एकाच वेळी लंगडे पडले होते. मी कमांडर म्हणून एवढंच सांगेन की ज्या पोस्टला तीन महिने रेशन पोचलं नाही, त्या पोस्टवर हल्ला झाल्यावर फक्त पोस्टवाल्यांची चौकशी करून भागत नाही.

वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई आपल्याकडे बहुतेक राज्यांत या ना त्या रूपात आहे. माणूस दगावल्यास द्यायची रक्कम केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये ५ लाखांवरून १० लाखांवर नेली. रकमा वाढतात ही चांगली गोष्ट. पण गाय-शेळीच्या बाबतीत शेतकऱ्याला तीन गोष्टी अडवतात. पहिली, मिळणारी रक्कम बाजारभावापेक्षा कमी. दुसरी, कागद. वेळेत कळवा, पंचनामा, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक, आणि मग फेऱ्या. तिसरी गोष्ट उलट दिशेची आहे. भरपाई सहज आणि पुरेपूर मिळाली तर गोठ्याला दार बसवायची घाई कशाला? ज्याने रात्री जागून जनावरं सांभाळली त्याला शून्य आणि ज्याने उघड्यावर बांधली त्याला पैसे, असं व्हायला नको. म्हणजे कमी दिलं तर विष, सैल दिलं तर बेफिकिरी. मग करायचं काय?

याचं मला सापडलेलं सर्वांत शहाणं उत्तर हिमाचलातल्या स्पितीमध्ये, किब्बर गावात आहे. हे गाव ४,००० मीटरच्या वर आहे. त्या मुलखात मी नोकरी केली आहे, त्यामुळे तिथे याक किंवा घोडा जाणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तो नुसता पशू नसतो, वर्षाची नांगरणी आणि वाहतूक असते. १९९० च्या दशकात चारुदत्त मिश्र या शास्त्रज्ञाने तिथे अभ्यास केला. गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार दीड वर्षात हिमबिबट्या आणि लांडगा यांनी त्यांची १८ टक्के जनावरं मारली होती. सरकारी भरपाईतून हाती आलं ते नुकसानीच्या सुमारे ३ टक्के.

तिथे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने गावाने दोन गोष्टी केल्या. १९९८ मध्ये गावाने आपल्या चराईच्या जमिनीतला सुमारे ५०० हेक्टरचा तुकडा जनावरांसाठी बंद ठेवला आणि त्याचा मोबदला घेतला. तिथे भरल, म्हणजे जंगली मेंढ्या वाढल्या. हिमबिबट्याचं ते नैसर्गिक खाणं. दुसरी गोष्ट २००२ ची. गावाने स्वतःचा जनावरांचा विमा सुरू केला. प्रत्येक घर आपल्या जनावरांमागे हप्ता भरतं, संस्थेने सुरुवातीला भर घातली. जनावर मेलं की दावा खरा की खोटा हे गावचीच समिती ठरवते.

यातली गंमत बघा. सरकारी पैसे लाटणं आणि शेजाऱ्याने भरलेले पैसे लाटणं यात फरक आहे. कुठल्या गुराख्याने त्या दिवशी जनावरं वाऱ्यावर सोडली होती आणि याक कड्यावरून पडून मेला की बिबट्याने मारला, हे शिमल्यातल्या साहेबाला कधीच कळणार नाही. गावाला संध्याकाळपर्यंत कळतं. आणि शेवटची कळ सगळ्यांत चांगली : ज्या गुराख्याची जनावरं सर्वांत कमी मारली गेली त्याला बक्षीस. म्हणजे नुकसान झालं तर आधार आहे, पण राखण चांगली केली तर त्याचेही पैसे आहेत. फौजेतल्या कुठल्याही सुभेदार साहेबांना ही योजना पाच मिनिटांत समजली असती आणि पटली असती.

सगळीकडे गावविमा जमेल असं नाही. बंडीपूर आणि नागरहोळेच्या भोवतालच्या शेकडो गावांत २०१५ पासून 'वाइल्ड सेवे' नावाचा उपक्रम चालतो. तिथे रक्कम सरकारचीच, नियमही सरकारचेच. फरक एवढाच की शेतकऱ्याने एका टोल फ्री क्रमांकावर फोन केला की प्रशिक्षित माणूस येतो, फोटो काढतो, कागद भरतो आणि दावा पुढे जातो. भरपाईचा दर एक रुपयानेही न वाढवता ती शेतकऱ्याच्या जवळ आणता येते. आपण दर वाढवण्यासाठी मोर्चे काढतो, कागद कमी करण्यासाठी काढत नाही.

आपल्या कोकण किनाऱ्याचं उदाहरणही अभिमानाने सांगण्यासारखं आहे. मच्छीमाराच्या जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी म्हणजे व्हेल शार्क अडकला की तो सोडवायचा एकच मार्ग, जाळं कापणं. जाळं हजारो रुपयांचं. म्हणजे कायदा पाळणाऱ्याला भुर्दंड. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने योजना आणली : संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून प्राणी सोडतानाचे फोटो. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कसाठी अशी पद्धत त्याआधीपासून होती. तिथेही मच्छीमारांनीच कॅमेरे हाती घेतले आणि शेकडो मासे सोडवले.

या योजनेची रचना नीट पाहा. पैसे नुकसानीचे आहेत, पण ते मिळतात जीव वाचवल्यावर. प्राणी मेला तर काही नाही. मच्छीमाराला नफा होत नाही, म्हणून मुद्दाम कासव पकडून आणायचा मोहही होत नाही. आणि फोटोंमुळे कुठल्या समुद्रात कुठला प्राणी कधी दिसला याची माहिती आपोआप जमते. एका भरपाईत तीन कामं.

स्वीडनने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. तिथे सामी लोक रेनडिअर पाळतात आणि वूल्व्हरिन, लिंक्स हे प्राणी ती मारतात. १९९६ पासून तिथल्या सरकारने मेलेल्या रेनडिअरची मोजणी सोडली. त्या गावाच्या हद्दीत वूल्व्हरिनची किंवा लिंक्सची मादी व्याली की गावाला पैसे. किती रेनडिअर गेले हे विचारतच नाही. जनावरं नीट राखली तर पैसे वरच्यावर राहतात, राखली नाहीत तर ज्याचं त्याचं नुकसान. जिथे ज्या प्राण्याचा राग होता तिथे त्याची वीण गावाच्या जमेच्या बाजूला आली. वूल्व्हरिनची संख्या त्यानंतर सावरली.

आता झाडांकडे. विकासासाठी जंगल तोडलं तर त्याबदली झाडं लावा, ही भरपाई वनीकरणाची कल्पना. २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याआधी २०१३ मध्ये महालेखापालांनी याचा हिशोब तपासला, तेव्हा २००६ ते २०१२ या काळात बदल्यात मिळायला हवी होती त्यापैकी सुमारे २७ टक्केच वनेतर जमीन मिळाल्याचं आढळलं. पैसे भरले गेले, जमीन आली नाही. तोडणाऱ्यासाठी पैसे भरले की काम संपतं. ती भरपाई राहत नाही, परवान्याची फी होते. आणि लावणाऱ्याला जर रोपामागे पैसे मिळत असतील तर तो रोपं लावेल, झाड वाढवणार नाही. हनोईच्या शेपटीत आणि खड्ड्यात खोचलेल्या रोपात फरक काय?

याच कामाची दुसरी तऱ्हा फौजेने दाखवली. मसुरीचे डोंगर चुनखडीच्या खाणींनी खरवडून निघाले होते. डिसेंबर १९८२ मध्ये गढवाल रायफल्सशी जोडलेली १२७ वी टेरिटोरियल आर्मीची इको बटालियन उभी राहिली. माजी सैनिक, बहुतेक त्याच डोंगरातले. त्यांना खड्ड्यामागे दर नव्हता, महिन्याचा पगार होता. रोप लावणारी तुकडीच पुढची वर्षं ते सांभाळते, दगडी बांध घालते, गुरं हाकलते. मेलेलं रोप त्यांच्याच डोळ्यांसमोर असतं. मसुरीचे पांढरे पडलेले उतार पुन्हा हिरवे झाले ते यातून. आज छत्रपती संभाजीनगरलाही महार रेजिमेंटशी जोडलेली अशीच बटालियन मराठवाड्यात झाडं लावते आहे. दूनच्या खाणी बंद करताना १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती : ज्या मजुरांची रोजी गेली त्यांना वनीकरणाच्या कामात अग्रक्रम द्या. डोंगर फोडणारे हातच डोंगर भरायला लावा. रोख रक्कम एकदा संपते, काम दर महिन्याला घरी येतं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, हा माणूस सगळ्यावर दर लावायला निघाला आहे. म्हणून उलट बाजूही सांगतो.

इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांचा एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. सहा पाळणाघरांनी उशिराबद्दल छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंसमोर उभं राहायला संकोच वाटायचा. आता त्यांनी पैसे भरले होते, मग संकोच कसला? आणि नंतर दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. लाज एकदा विकत घेतली की ती परत मिळत नाही.

राजस्थानात बिश्नोई समाज शेकडो वर्षं काळवीट आणि खेजडी जपत आला आहे. १७३० साली खेजडली गावात झाडं वाचवताना ३६३ माणसांनी प्राण दिले असं परंपरा सांगते. त्या गावात जाऊन कुणी म्हणालं की एका झाडामागे इतके रुपये देतो, तर तो त्यांचा अपमान होईल, आणि पुढच्या पिढीला झाड हे दराने मोजायची गोष्ट वाटेल. जिथे श्रद्धा, मान किंवा लाज राखण करते आहे तिथे रोख रक्कम घेऊन जाऊ नका. त्यांचं नुकसान झालं तर भरून द्या, मान द्या, पण राखणीचा भाव करू नका. तोलोलिंग आणि टायगर हिलवर पोरं चढली ती भत्त्यासाठी चढली नाहीत. पण म्हणून त्यांचा भत्ता थकवायचा अधिकार कुणालाही मिळत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि राज्यकर्त्यांना, मालकांना नेमकी दुसरी विसरायची सवय असते.

तुम्ही हे ऐकणारे कुणी इंदूरला असाल, कुणी बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला. कुणी कंपनीत मनुष्यबळ विभाग पाहत असाल, कुणी सरपंच असाल, कुणी सोसायटीचे सचिव. पैसे देण्याचा नियम कुठे ना कुठे तुमच्या हातून लिहिला जातो. सोसायटीच्या वॉचमनचाही एक नियम असतोच. तो लिहिण्याआधी पाच प्रश्न विचारा.

पहिला : मी नेमके कशाचे पैसे देतो आहे? रोपाचे की झाडाचे, खात्याचे की ग्राहकाचे?

दुसरा : हा नियम ठेवून सगळ्यांत कमी कष्टात जास्तीत जास्त पैसे कसे मिळवता येतील? एखाद्या चलाख माणसाला बोलावून हा प्रश्न विचारा. तो जे सांगेल ते सहा महिन्यांत घडणार आहे.

तिसरा : जो चांगलं वागला त्याला यात काय मिळतं? रात्रभर राखण करणाऱ्या गुराख्याचा यात कुठे उल्लेख आहे का?

चौथा : खरं काय ते सगळ्यांत आधी कुणाला कळतं? निर्णय शक्यतो त्याच्याच हातात द्या.

पाचवा : पैसे कधी पोचतील? उशिरा पोचलेली भरपाई घेणाऱ्याला भीक वाटते आणि उशिरा झालेला पगार उपकार वाटतो. दोन्हींमुळे माणूस मनातून नोकरी सोडतो, हजेरी लावत राहिला तरी.

हे पाच प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याला पैसे मिळणार आहेत त्याच्या जागी दहा मिनिटं उभं राहावं लागतं. या आठवड्यात तुमच्या कामाच्या ठिकाणचा एक नियम घ्या, बक्षिसाचा, दंडाचा किंवा भरपाईचा, आणि तो या प्रश्नांतून काढा. आणि तुमच्या इमारतीच्या रखवालदाराचा मागच्या महिन्याचा पगार कुठल्या तारखेला झाला, तेवढं आज संध्याकाळी त्याला विचारा.

जय हिंद.